इटली नावाचं झाड

आमच्याकडे मोहाच्या झाडांना नावं असतात. माणसांना ठेवतात तशीच, कधी गुणावरून, कधी खोडीवरून. एकाचं नाव गोडा, एकाचं लंगडा. एक सासुरवाशीण आहे, ती फुलंही रडत रडत गाळते, दोन आज, दोन उद्या. आणि नवेगाव बांधाच्या तळ्याअलीकडे, आमच्या धानाच्या वरच्या बांधीला, म्हणजे खाचराला लागून जो थोरला मोह उभा आहे, त्याचं नाव इटली. घरातल्या नव्या पोरांना त्यात काही वावगं वाटत नाही. "बैल इटलीखाली बांधले," असं पुतण्या सांगतो, आणि नवं कुणी ऐकलं तर त्याच्या तोंडाकडे बघत राहतं.

यंदा फाल्गुनात नातीनं मला गाडीत घालून तिथं नेलं. गोंदियापासून कोहमाऱ्यापर्यंतचा रस्ता इतका गुळगुळीत, की पोटातलं पाणी हललं नाही, आणि मला त्याचंच थोडं वाईट वाटलं. आमच्या वेळी या रस्त्यानं बैलबंडीतून आलेल्या माणसाला खाली उतरल्यावर आपली हाडं चाचपून घ्यावी लागत. पुतण्यानं झाडाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकली. मी बसले. नव्वदीला टेकलेल्या बाईला खुर्ची मिळते, टोपली मिळत नाही.

फुलं पडत होती. मोहाचं फूल पडताना आवाज करतं हे शहरातल्या माणसाला सांगून पटत नाही. ओल्या बोटानं कुणी हळूच पाठीवर टिचकी मारावी, तसा तो आवाज. आणि वास. गोड म्हणावा तर नाकाच्या शेंड्याशी आंबट होतो, आंबट म्हणावा तर डोळे आपोआप मिटतात. नातीनं नाकाला ओढणी लावली. मी मात्र छाती भरून वास घेतला, आणि मला एक गाव दिसायला लागलं, जे मी जन्मात पाहिलेलं नाही.

त्या गावाचं नाव कास्तेल. पुढे आणखी काहीतरी होतं, पण ते आमच्या ह्यांच्या तोंडात कधी नीट बसलं नाही, म्हणून घरात कास्तेलच चाललं. मोठ्या लढाईत हे फौजेत खेचरं हाकायला होते. इटलीच्या मुलखात, डोंगरावरच्या त्या लहानशा गावात त्यांचा एक हिवाळा गेला. द्राक्षांचं गाव. घरोघरी दारू गाळत, आणि त्यात कुणाला लाज नव्हती. लढाई संपवून हे घरी आले तेव्हा मी तिरोड्याला परकर खोचून चिंचा पाडत होते.

लग्न झालं ते स्वातंत्र्यानंतर तीन वर्षांनी. मी पंधराची, हे तिशीला आलेले. तेव्हा आमचा जिल्हा भंडारा होता आणि राजधानी नागपूर. माझ्या डोक्यात जग नागपूरला संपायचं, त्यापुढे नुसतं आभाळ. इटलीचं नाव पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा त्या शहाण्या पोरीनं, म्हणजे मीच, विचारलं,

"बंडीनं किती दिवस लागतेत वो?"

"बैल चांगले असले तं दोन जन्म," हे म्हणाले.

पोरीनं गंभीर होऊन गोठ्याकडे पाहिलं. "मंग आपले बैल पुरनार नाही."

हे हसले नाहीत. पुढं महिनाभर मात्र बैलांना चारा घालताना "आयकलं का गा, तुमचं इटलीले जाणं रद्द" असं त्यांच्या कानात सांगत, मला ऐकू जाईल अशा बेतानं.

तिकडून येताना फौजेतले लोक घड्याळं घेऊन आले, घोंगड्या घेऊन आले, कुणी बूट आणले. आमच्या ह्यांनी एक काडी आणली. वीतभर लांब, ओल्या शेवाळात गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवलेली. बोटीवर स्वतःच्या वाट्याच्या पाण्यातलं पाणी तिला पाजलं. घरी आल्याबरोबर, आईच्या पाया पडायच्या आधी, बांधीवर जाऊन मोहाच्या बुडाशी लावली. द्राक्षवेल. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणे, त्यांच्या मनातून हे कधीच गेलं नाही. समुद्र ओलांडून लेक आला म्हणून त्यांनी गोमूत्र, तुळशीपत्र सगळं तयार ठेवलं होतं, आणि लेक चिखलानं बरबटलेले हात घेऊन दारात उभा.

"झाडाच्या बुडी कायले लावली?" त्यांनी विचारलं होतं म्हणे. "मांडवावर घालतेत वेल."

"तिकडं झाडासंगं लगन लावतेत वेलीचं. झाड नवरा, वेल नवरी. झाडानं उभं राहायचं, वेलीनं चढायचं."

"मंग हळद नोको लावू का तिले?"

आमच्याकडे लग्नाच्या मांडवात मोहाची डांग, म्हणजे फांदी लागते, तिच्याशिवाय मांडव उभा राहत नाही. तेव्हा मोह नवरदेव झाला यात गावाला नवल वाटलं नसावं. नवरी परदेशची, एवढंच. मी घरात आले तेव्हा ही नवरी चार वर्षांची जुनी होती, माझ्यापेक्षा उंच होती, आणि ह्यांचा हात दिवसातून एकदा तिच्यावरून फिरायचा. माझ्यावरून तो फिरायला सहा महिने लागले. तिला मी मनातल्या मनात सवत म्हणत असे.

वेल एका बुढीनं दिली, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. कास्तेलात जिच्या घरी ह्यांची खेचरं बांधली होती तिनं. "घोस धरला का तिले चिठ्ठी टाकायची. बोलून आलो आहे." हे वाक्य मी त्या घरात पहिल्या आठवड्यात ऐकलं आणि मग दरवर्षी. मी यायच्या आधी, लावल्यापासून तिसऱ्या वर्षी वेलीला मोहरीएवढे मणी धरले होते, आठवड्यात गळाले. त्या आठवड्यात हे दोनदा मास्तरांच्या घराजवळून उगाच जाऊन आले होते, असं आत्याबाई सांगत. मास्तरांना इंग्रजी येत असे.

बुढी म्हणजे खरंच बुढी का, याची चौकशी त्या पोरीनं फार चिकाटीनं केली.

"केस पिकले होते का तिचे?"

"पिकले होते."

"सगडे?"

"डोक्यावर कारा फडका बांधे. दिसत होते तेवढे पिकले होते."

"आनि दात?"

"दोन होते."

"कोनते?"

ह्यांनी थांबून विचार केला आणि स्वतःच्या तोंडात बोट घालून दाखवले, वरचा एक, खालचा एक. तेव्हा कुठं त्या पोरीला रात्री झोप लागली.

कास्तेल मला कळलं ते मोहफुलांच्या दिवसांत. पहाटे, काळोख विरळ होतो तेव्हा टोपल्या घेऊन आम्ही दोघं इटलीखाली जायचो. फुलं उन्हाच्या आत वेचावी लागतात. वाकून वेचताना माणूस एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाही, म्हणून असेल, एरवी मुके असलेले हे त्या वेळी बोलायचे. मोहफुलांचा वास आला की त्यांना तिथली तळघरं आठवत. प्रत्येक घराखाली दगडात खोदलेलं तळघर, त्यात मोठमोठी लाकडी पिंपं, आणि गल्लीच्या पातळीला लोखंडी जाळी. जाळीतून वास बाहेर यायचा. "अस्साच," म्हणत ते मूठभर फुलं नाकाशी नेत. "जरा थंडा. बस तेवढाच फरक."

रोज एक गल्ली, फार झालं तर दीड. पहिल्या दिवशी वेस. मग वेशीच्या आतली चढण, दगडी पायऱ्या मधोमध झिजलेल्या, पाणी गेल्यासारख्या. मग देवळाचा मनोरा आणि त्यावरचं घड्याळ, तोफेचा गोळा लागून बंद पडलेलं, पण गावातली माणसं अजून मान वर करून वेळ बघायची. मग गावची एकच भट्टी. बायका घरून कणकेचे गोळे आणत, आपापली खूण करून. कुणाची आडवी रेघ, कुणाची फुली, कुणाचा अंगठा. भट्टीवाला आंधळा होत चाललेला, बोटानं खूण चाचपून पाव देई. मग ते दगडी कुंड, गावाच्या मधोमध, त्यात दोन तोंडांनी पाणी पडे, एका तोंडाचं प्यायचं, दुसऱ्याचं धुण्याचं. बायका कुंडाच्या काठावर कपडे आपटत आणि गावातल्या प्रत्येकाचं नाव तिथं धुतलं जाई.

"आपल्या पानवठ्यावानी," मी म्हणे.

"त्याच्याहून जास्त. त्यायच्याकडे साबन जास्त लागे."

मक्याचा घाटा तिथल्या बायका करत, आपला करतो तसाच, तांब्याच्या भांड्यात, आणि पाटावर ओतून दोऱ्यानं कापत. मी दोऱ्यानं कापून पाहिला. आत्याबाईंनी दोरा चुलीत टाकला.

दोन फुलोरे असे गेले आणि ती पोरगी कास्तेलची जाणकार झाली. आमच्या विहिरीवर पाण्याला गेली की जोरात सांगायची, "कास्तेलात तं वो, भादव्यात पोरीबायका पाय धुऊन पिंपात उतरतेत आनि द्राक्षं तुडवतेत." कुठल्या बाईनं कुठली फुली मारली, वेशीतून डावीकडे किती पायऱ्या, भट्टीवाल्याच्या सुनेला कुणाशी लग्न करायचं होतं आणि कुणाशी झालं, सगळं तोंडपाठ. जणू ती तिथलीच लेक, इकडे उगाच दिलेली. विहिरीवरच्या बायका तिला कास्तेलीण म्हणून चिडवू लागल्या, आणि ती मूर्ख फुगून जायची. आत्याबाईंना हे कुणीतरी सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं:

"पायानं तुडवलेलं पितेत? कोनाच्या पायाचं, ते तरी पुसून घेतेत का?"

पहिली दोन वर्षं माघ-फाल्गुनात मी माहेरी असायची. होळी माहेरी, मग चैत्र लागता लागता भाऊ आणून सोडायचा. तोवर वेलीला पोपटी पानं फुटलेली असत. म्हणजे त्या वेलीचं हिवाळ्यातलं रूप मी पाहिलंच नव्हतं. हे माघात तिला कोयत्यानं छाटत, तिकडे छाटतात तसं, अगदी दोन डोळे ठेवून, आणि सिंदीच्या पातीनं मोहाच्या खोडाला बांधत. हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मला गावाच्या गल्ल्या ठाऊक होत्या.

तिसऱ्या वर्षी आत्याबाईंचा पाय मुरगळला आणि मी माहेरी गेले नाही. हे धान घेऊन गोंदियाला गेले होते, जाऊन-येऊन पाच-सहा दिवसांचं काम. फुलं पडायला सुरुवात व्हायची होती. फुलं पडायच्या आधी झाडाखालची जागा झाडून घ्यायची, पाला ढीग करून पेटवायचा, म्हणजे जमीन काळी स्वच्छ होते आणि पिवळी फुलं तिच्यावर दुरून दिसतात. हे काम आजवर आत्याबाई करत. यंदा ते माझ्याकडे आलं. कारभारीण झाले होते ना मी. खराटा घेतला, पदर कमरेला घट्ट खोवला, आणि गोडा झाडला, लंगडा झाडला, मग इटली. इटलीखाली मी सगळ्यात जास्त राबले. मला ह्यांना दाखवायचं होतं.

खोडाला एक वाळकं लाकूड लागून होतं. करड्या सालीचं, साल धाग्याधाग्यानं सुटलेली, बोटाएवढं जाड, वर गाठी. मी कोवळ्या पानांची वेल शोधली, ती दिसली नाही. म्हटलं, पाणी कमी पडलं असेल, मेली बिचारी. सवत मेली म्हणून जरासं बरंही वाटलं, आता खोटं कशाला बोलू. पाला पेटवला. वारा होता. जाळ खोडाला चाटून गेला, मोहाला काही झालं नाही, त्याला सवय असते. ते वाळकं लाकूड मात्र चरचरलं. आतून पाणी आलं. मी ते ऐकलं. वाळक्या लाकडातून पाणी येत नाही, हे चूल पेटवणाऱ्या बाईला कळायला पाहिजे होतं. अर्धवट जळालेलं ते मी ओढून काढलं, गुडघ्यावर मोडलं, आणि भाऱ्यात घालून घरी आणलं.

ह्यांची बंडी आली त्या संध्याकाळी मी त्याच लाकडावर भात रांधला आणि बांधातल्या झिंग्यांचा रस्सा केला. धूर वेगळाच येत होता, गोडसर. हे तीनदा भात वाढून घेऊन जेवले.

"आज हात चांगला लागला तुया," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या मागोमाग बांधीवर गेले, शाबासकी घ्यायला. इटलीभोवतीचं ते काळंभोर गोल अंगण, काडी म्हणून सापडायची नाही. हे बुडाशी उकिडवे बसले. राखेत बोट घातलं. सिंदीच्या पातीची एक जळकी गाठ खोडाला चिकटून होती, ती नखानं सोडवली आणि हातात धरून बसले.

"कसं झाडलं?" त्या पोरीनं विचारलं.

"चांगलं झाडलं," ते म्हणाले.

मला कळलं ते घरी आल्यावर आत्याबाईंच्या तोंडून. "छाटलेली होती वो ती. दोन डोरे फुगले होते, मले दाखवून गेला तो. यंदा धरनार म्हने." आणि मग त्या बाईनं, जिनं त्या वेलीला सात वर्षं नावं ठेवली होती, पदर डोळ्याला लावला.

दहा दिवस हे काही बोलले नाहीत. फुलं वेचायला आम्ही जात होतो, पण टोपल्या भरायच्या आणि परत यायचं. अकराव्या दिवशी मीच म्हटलं, "मारा मले. पन बोला."

ते वेचत राहिले. मान वर न करता सांगितलं, तेही त्या हिवाळ्यातलंच, पण मला आधी कधी न सांगितलेलं. बर्फ पडलं होतं. खेचरं आखडून मरत होती, माणसांच्या हाताची बोटं काळी पडत होती. लाकूड कुठं मिळेना. बुढीच्या घरामागे उतारावर झाडांना टेकून वाळकी खोडं होती, ओळीनं, करड्या सालीची. ह्यांनी आणि सोबतच्या दोघांनी ती तोडली. चार दिवस जाळली. चहा केला. बुढी दारात उभी राहून बघत होती. तिची भाषा ह्यांना येत नव्हती, ह्यांची तिला. ती आत गेली आणि पाव घेऊन आली, त्यांच्याच शेकोटीवर भाजून त्यांना दिला. थंडी सरल्यावर तिनं ह्यांना हाताला धरून उतारावर नेलं. सगळी ओळ गेलेली, टोकाला एकच खोड उरलेलं, आणि त्याला फुटलेला बोटाच्या पेराएवढा हिरवा डोळा. तो तिनं दाखवला. तेव्हा ह्यांना कळलं आपण काय जाळलं. त्याच खोडाची काडी तिनं निघताना डब्यात घालून दिली.

"लय चरचरत होती," हे म्हणाले. "आमी म्हटलं, ओली असंल बर्फानं."

मी टोपली खाली ठेवली.

"तुले मी काय बोलू? तिनं मले काही म्हटलं नाही."

इथवर ती पोरगी नुसती अजाण होती. पुढचं तिनं जे केलं ते अजाणपणाचं नव्हतं, आणि तिला हसायचं म्हटलं तरी माझं तोंड तिथं वाकडं होतं.

दोन दिवसांनी हे मास्तरांकडे जाऊन आले. खिशात घडी केलेला कागद होता, आणि फौजेतली लहान वही, जिच्यात कास्तेलच्या देवळातल्या पाद्र्यानं पत्ता लिहून दिला होता. चेहरा बऱ्याच दिवसांनी हलका दिसला.

"चिठ्ठी लिवून आनली बुढीले. उद्या टाकतो."

"काय लिवलं?"

"वेल जळली म्हनून."

"कोनं जाळली, ते बी लिवलं?"

"लिवलं. आयकून तं घे—"

तिनं ऐकून घेतलं नाही. कानावर हात ठेवले. ह्यांनी तीनदा म्हटलं, आयकून घे, आणि तिन्ही वेळा ती मोठ्यानं रडली. कारण तिला ते दगडी कुंड दिसत होतं. पाण्याची दोन तोंडं, काठावर कपडे आपटणाऱ्या बायका, भट्टीवाल्याची सून, फुलीवाली, अंगठ्यावाली, सगळ्या तिच्या ओळखीच्या. आता त्या माना जवळ आणून म्हणणार, हिंदुस्थानातली ती बायको पाहिली का, जिनं बुढीची वेल चुलीत घातली. दुसऱ्या कुठल्या गावात नाव निघालं असतं तर चाललं असतं. पण कास्तेलात तिची अब्रू होती.

तीन दिवस ती जेवली नाही. "चिठ्ठी टाकली तं मी बांधात जीव देतो," असं सांगून पाण्याच्या काठापर्यंत जाऊनही आली, आणि पाणी गार म्हणून परतली. आत्याबाई म्हणाल्या, "राहू दे गा बा, पोर मरंल." चौथ्या दिवशी ह्यांनी कागद फौजेतल्या लोखंडी पेटीत ठेवला.

"जेव आता," म्हणाले. "नाही टाकत."

ती जेवली. जिंकल्यासारखी जेवली.

त्यानंतर कास्तेल बंद झालं. पुढच्या फाल्गुनात फुलं वेचताना मी सहज विचारल्यासारखं केलं, "भट्टीवाल्याचे डोरे मंग पुरे गेले का वो?"

"गेले असन."

"आनि त्याची सून?"

"मले काय माहीत."

मी वाट पाहिली. पुढच्या वर्षी विचारलं, त्याच्या पुढच्या वर्षी विचारलं. मोहफुलांचा वास तसाच येत होता, पण हे मूठ नाकाशी नेत नसत. देवळाच्या मनोऱ्याच्या पलीकडे एक गल्ली होती, तिच्या तोंडाशी आणून त्यांनी मला सोडलं होतं, त्या गल्लीत पुढं काय होतं ते मला आजही ठाऊक नाही. मुलं झाली, दोन. आत्याबाई गेल्या. आमचं राज्य बदललं, नागपूर राजधानी राहिली नाही, आणि माझ्या डोक्यातलं जग थोडं पुढं सरकलं. लोक मात्र त्या झाडाला इटली म्हणू लागले होते ते म्हणतच राहिले.

एकदा मी हिय्या करून पेटीकडे बोट दाखवलं. "टाका ती चिठ्ठी. माह्यं नाव जाऊ द्या कोठं जायचं तं." तेव्हा मी पंचविशीला आले होते, पदरी पोरं होती, विहिरीवर माझंच राज्य होतं.

हे पोराच्या पायातला काटा काढत होते. "आता बुढी कोठं असंल. असली तरी तिले वाटत असंल, आपली वेल हाये तिकडं, मोहावर चढली, घोस धरून राहिली. वाटू दे. आता कायले तोडायची?"

मला ते बोलणं फार आवडलं. मी त्यात माझी सुटका पाहिली.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी, भादव्यात, तापानं हे गेले. चार दिवसांचा ताप. काही सांगायला सवड मिळाली नाही, आणि मिळाली असती तरी ते बोलले नसते, बाहेर मोहाचे दिवस नव्हते.

तेरावं झाल्यावर मी पेटी उघडली. वही होती, कागद होता, डाग पडलेला, घडीवर तुटायला आलेला. मी तो घेऊन मास्तरांकडे गेले. ते तेव्हा म्हातारे झाले होते. चष्मा पुसून त्यांनी कागद उलगडला आणि म्हणाले, "हे तर माझंच अक्षर. इतकी वर्षं टाकलीच नाही?"

"काय लिवलं आहे, वाचून दाखवा."

त्यांनी मराठीत करून सांगितलं. तीन-चार ओळी होत्या.

"माय, तू दिलेली वेल लागली होती. उंच झाली होती. ती माझ्या हातानं जळली. दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी मला माफी मागता आली नाही, कारण भाषा येत नव्हती. आता दोन्हींची मागतो."

"आनि माह्यं?" मी विचारलं. "माह्याबद्दल काय लिवलं?"

मास्तरांनी कागद उलटून पाहिला. "तुमच्याबद्दल काही नाही, बाई. तुमचा उल्लेखच नाही."

 मास्तरांच्या बायकोनं पाणी आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. मग मी म्हटलं, "खाली थोडी जागा आहे का?"

"आहे."

"मंग लिवा. वेल मी जाळली. वाळली म्हनून. तिच्यावर भात रांधला, आनि हे पोटभर जेवले. त्यायचा हात तिले लागला नाही. त्यायले हे लिवायचं होतं, मी लिवू देलं नाही."

मास्तरांनी दौत ओढली. लिहिता लिहिता मध्येच थांबले. "भात रांधला, हे लिहू?"

"लिवा."

"आणि ते गेले, हे?"

"ते बी लिवा."

शेवटी नाव विचारलं. मी माझं नाव सांगितलं, माहेरचंही सांगितलं, सासरचंही सांगितलं, गाव सांगितलं. वहीतला पत्ता मास्तरांनी अक्षर अक्षर बघून उतरवला. पाकीट मी स्वतः टपालात टाकलं. टपालवाल्यानं ते हातावर तोलून पाहिलं, पत्ता वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि तिकिटं लावली.

उत्तर आलं नाही. बुढी तोवर राहिली नसणार, तिच्या दोन दातांसकट. पाद्रीही बदलला असेल.

"मग पत्र पोहोचलं की नाही, कसं कळणार?" नात विचारत होती. तिनं मोबाइलवर त्या मुलखाचे डोंगर काढून दाखवले होते. वेली तारांवर चढवलेल्या, सरळ ओळीत, झाडाशी लग्न कुणाचंच नाही. त्यातलं कास्तेल कोणतं ते मला ओळखू आलं नाही. मी दगडी कुंड शोधत होते.

नाहीच कळणार, मी तिला म्हटलं. पण गावात आलेलं परदेशी पाकीट कुणी ना कुणी फोडतंच. पाद्र्यानं वाचलं असेल, पाद्र्यानं कुणाला सांगितलं असेल, आणि तिथून ते कुंडावर गेलं असेल. भट्टीवाल्याच्या सुनेनं ओले हात झटकून म्हटलं असेल, ऐकलं का, तिकडे एक बाई आहे, तिनं आपली वेल जाळली आणि वर भात रांधला.

फुलं पडतच होती. म्हणू दे तिला. माझं नाव तिथं निघू दे.